न दाखवलेले तेराशे दहा

अलिबाग ते रेवदंडा या रस्त्यावर मिनिडोर चालवणाऱ्यांत भांडखोर कोण, असं कुणालाही विचारा. उत्तर एकच येईल, अंबाजी घरत. सहा माणसांसाठी पास झालेली आणि दहा माणसं कोंबून धावणारी ती तीनचाकी गाडी चौलनाक्यावर वळली की आधी अंबाजीचा आवाज ऐकू यायचा आणि मग हॉर्न. शनिवार-रविवारी नागावला येणाऱ्या मोठ्या गाड्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर अडकल्या की बाकीचे ड्रायव्हर विडी पेटवून बसत. अंबाजी खाली उतरे. "गाडी घ्यायची अक्कल हाय, मागं घ्यायची न्हाय व्हय?" असं म्हणत तो थेट काचेवर टकटक करी. पोलिसाशी, पंचायतीच्या शिपायाशी, पाण्याच्या टँकरवाल्याशी, एकदा तर लग्नाच्या वरातीशी त्याचं भांडण झालं होतं. बायको मैना म्हणायची, "यांना देवानं जीभ दिली आन वर मीठ चोळून दिली."

मैना चौलच्या वाड्यांमध्ये सुपारी सोलायला जायची. घरी थोडी भातशेती होती, ती दोघं मिळून करत. त्यांना एकच मुलगी, मृणाली. बापाची जीभ तिच्याकडे आली नव्हती. कमी बोलायची, पण एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. रेवदंड्याच्या ज्युनियर कॉलेजात ती विज्ञान शाखेला होती, आणि तिथल्या गणिताच्या सुचिता बाई तिच्यावर खूश होत्या. खूश म्हणजे काय, तर बाई वर्गात तिचं कौतुक कधी करत नसत. फक्त तास संपला की तिच्या वहीत आणखी दोन गणितं लिहून देत.

बारावीच्या सुरुवातीला बाईंच्या हाती एक पत्रक आलं. पुण्यापलीकडे डोंगरात नवं खासगी विद्यापीठ निघालं होतं. मोजक्या जागा, देशभरातून अर्ज, आणि गरीब घरच्या वीस मुलांना राहण्या-जेवण्यासकट संपूर्ण शिष्यवृत्ती. अर्जाबरोबर सॅट नावाच्या परीक्षेचे गुण देता येत. एकूण सोळाशे गुणांची परीक्षा, सगळी इंग्रजीत, कॉम्प्युटरवर. बाईंनी ते पत्रक मृणालीसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "बघ. करायचं असेल तर मी आहे. नसेल तर तसं सांग, मला राग येणार नाही."

मृणालीने पत्रक दोनदा वाचलं. "करायचंय," म्हणाली.

क्लास वगैरे काही नव्हता. बाईंच्या भाच्याने वापरून टाकलेलं एक पुस्तक होतं, ज्यातली निम्मी उत्तरं पेन्सिलीने आधीच लिहिलेली. मृणाली ती खोडून पुन्हा सोडवायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अकरा कॉम्प्युटर होते, त्यांतले दोन चालायचे. बाई शिपायाकडून चावी घेऊन तिला रोज एक तास तिथे बसवत. परीक्षेचं केंद्र नवी मुंबईत होतं. अंबाजीने त्या दिवशी गाडी बंद ठेवली आणि मुलीला घेऊन गेला. केंद्राबाहेर उभी असलेली पोरं, त्यांचे आईबाप, त्यांच्या हातातल्या बाटल्या बघून त्याला वाटलं, आपण चुकून कुणाच्या तरी लग्नाला आलो. पण तो काही बोलला नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "भूक लागली?"

दोन आठवड्यांनी निकाल आला. तेराशे दहा. गणितात सातशे वीस, इंग्रजीत पाचशे नव्वद. बाईंनी तो आकडा मोबाइलवर पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा मृणालीच्या डोक्यावरून हात फिरवला.

अंबाजीला सोळाशेत तेराशे दहा म्हणजे नेमकं काय ते कळत नव्हतं, पण बाईंचा चेहरा कळत होता. पुढचे आठ दिवस त्याच्या मिनिडोरमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसाने तो आकडा ऐकला. आणि तिथेच घात झाला, असं पुढे तो स्वतःच म्हणायचा. कारण ऐकणाऱ्यांत विपुलशेठ होते.

विपुलशेठ मुंबईचे. परदेशी आणि मोठमोठ्या कॉलेजांत प्रवेश कसा मिळवायचा याचं मार्गदर्शन करायचा त्यांचा धंदा होता. नागावला नारळाच्या वाडीत त्यांचा बंगला होता, शुक्रवारी मांडव्याच्या बोटीने यायचे. त्यांचा गॅसचा सिलिंडर, बाजारहाट, कधी पाहुण्यांना आणणं-पोचवणं हे सगळं अंबाजी करायचा. माणूस वाईट नव्हता. अंबाजीला "अंबाजी" म्हणत, अरे-तुरे कधी केलं नाही, आणि मैनाला बरं नव्हतं तेव्हा स्वतःच्या गाडीतून अलिबागच्या दवाखान्यात पोचवलं होतं.

"तेराशे दहा?" शेठ म्हणाले. "क्लासशिवाय? मुलीला घेऊन या रविवारी. अर्ज मी बघून देतो."

रविवारी मृणाली आणि अंबाजी बंगल्याच्या पडवीत बसले. शेठनी लॅपटॉप उघडला, विद्यापीठाचं पान काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचे गुण चौदाशे वीस ते पंधराशे चाळीस.

"बेटा, तू छान केलंयस," शेठ म्हणाले, "पण इथे हे कमी पडतात. आणि हे बघ, त्यांनीच लिहिलंय, गुण देणं ऐच्छिक आहे. नाही दिले तरी अर्जावर परिणाम नाही. मी माझ्या सगळ्या मुलांना एकच नियम सांगतो. खालच्या आकड्याहून कमी असेल तर पाठवायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मृणालीने बापाकडे पाहिलं. अंबाजी जरा पुढे सरकला. "पन शेठ, पोरीनं मिळवलेत. मिळवलेत तर दाखवायचे न्हाय का?"

शेठ हसले. हसणं चांगलंच होतं, टिंगलीचं नव्हतं. "अंबाजी, ही गणितं वेगळी असतात. मी वीस वर्षं हेच करतोय."

आणि अंबाजी घरत, जो वरातीला अडवून भांडला होता, तो गप्प बसला.

पडवीतूनच सुचिता बाईंना फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं द्यावेत. पण मला अनुभव नाही. ते रोज हे काम करतात, त्यांना माहीत असणार."

अर्जात प्रश्न होता, तुम्हाला परीक्षेचे गुण सादर करायचे आहेत का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. मृणालीने 'नाही'वर खूण केली. सगळं मिळून दहा सेकंदही लागले नसतील.

एप्रिलमध्ये ईमेल आला. मृणालीने तो घरात उभ्यानेच वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि आईला म्हणाली, "नाही मिळालं." मग विहिरीवर जाऊन कपडे धुवायला बसली. कपडे सकाळीच धुऊन झाले होते. तिने तेच पुन्हा भिजवले.

अंबाजीला वाटलं, असेल, देशभरातली पोरं. आपलं नशीब. दोन दिवस तो तसंच म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला ते म्हणवेना. गाडी स्टँडवर लावून, कुणाला न सांगता तो पहाटेच्या एसटीने पुण्याला गेला आणि तिथून विचारत विचारत त्या डोंगरातल्या विद्यापीठाच्या फाटकावर पोचला. काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. त्याला फक्त ते ठिकाण बघायचं होतं, जिथे त्याची मुलगी चालली नाही.

फाटकावरच्या रखवालदाराने दीड तास बसवून ठेवलं. शेवटी प्रवेश विभागातली एक मुलगी बाहेर आली, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. अंबाजी बोलायला लागला तशी ती थबकली. "काका, तुम्ही कुठले?"

"चौलचा. रेवदंड्याजवल."

"मी पेणची," ती म्हणाली. "हेमाली. या, आत बसू."

आत काचेच्या भिंती होत्या आणि थंडगार हवा. हेमालीने त्याला पाणी दिलं, मुलीचं नाव विचारलं, कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं. "काका, आतलं सगळं मला सांगता येत नाही. पण अर्ज चांगला होता. एवढंच, की तिने परीक्षा दिलीच नव्हती ना, त्यामुळे समितीपुढे ठोस असं..."

"दिली ना," अंबाजी म्हणाला. "तेराशे दहा."

हेमालीचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. "किती?"

"तेराशे दहा. गणितात सातशे वीस. क्लास न्हाय, काय न्हाय. पाठवले न्हाय, कारन तुमच्या त्या कागदावर चौदाशे वीस लिवलंय."

ती खुर्ची ओढून त्याच्या समोर येऊन बसली, आणि हे तिला कुणी सांगायला लावलं नव्हतं हे अंबाजीने पुढे नेहमी मान्य केलं. "काका, तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे. त्यात निम्म्याहून जास्त मुलं मोठ्या शहरांतल्या मोठ्या शाळांची. त्यांचे तेराशे दहा आणि रेवदंड्याच्या मुलीचे तेराशे दहा हे समिती सारखे धरत नाही. कुठल्या कॉलेजातून, काय सोयी होत्या, हे बघून वाचतात. तुमच्या कॉलेजातून आजवर एकानेही गुण पाठवलेले नाहीत. बारावीचे अंदाजे गुण सगळ्यांचेच नव्वदच्या वर असतात. ते कॉलेज आम्हाला माहीत नाही, तिथली बाई माहीत नाही. मग मुलगी किती तयारीची आहे हे कळायला दुसरं काय असतं आमच्याकडे?"

"म्हंजे पाठवले असते तर मिळालं असतं?"

"असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू. पण फाइल पुढच्या फेरीत नक्की गेली असती."

अंबाजीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "हे तुमी कुठं लिवलंय?"

"काय?"

"हेच. की गावच्या पोरांचे गुन वेगले वाचतो. कमी असले तरी पाठवा. कुठं लिवलंय?"

हेमालीने मान खाली घातली. "असं स्पष्ट लिहिलेलं नाही."

"चौदाशे वीस मोठ्या अक्षरांत लिवलंय. ऐच्छिक लिवलंय. आन जे आमच्या कामाचं ते लिवलं न्हाय. मंग आमाला कलनार कसं? सपनात येनार?"

तिने विचारून आणलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल का. येत नव्हता. शिष्यवृत्ती फक्त त्याच वर्षी बारावी होणाऱ्यांना. अंबाजी उठला. भांडायला तोंड उघडलं, पण समोर पेणची पोरगी होती, आणि खरं सांगणारी या सगळ्या इमारतीत ती एकटीच होती. तिच्याशी काय भांडायचं? तो फाटकापर्यंत चालत आला आणि रखवालदाराशी भांडला. दीड तास बसवलंस म्हणून.

घरी आल्यावर तो चार दिवस काही बोलला नाही. स्टँडवर गाडी भरायच्या नंबरावरून कुणी कुरापत काढली तरी नाही. ड्रायव्हर एकमेकांना विचारू लागले, घरताला झालंय काय? पाचव्या दिवशी जेवताना त्याने मृणालीला सगळं सांगितलं. हेमाली, चौदाशे वीस, पुढची फेरी, सगळं.

मृणालीने हातातली भाकर ताटात ठेवली.

"पप्पा, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, दाखवायचे नाहीत का. तुम्हाला कळलं होतं."

"कललं न्हवतं गो, नुसतं वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज चढला, आणि मैना चुलीपाशी होती ती वळून बघायला लागली, कारण या घरात हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "रोज भांडता. साइड दिली नाही म्हणून भांडता, टँकर उशिरा आला म्हणून भांडता. सगळ्या दुनियेशी भांडता तुम्ही! मला वर्गात मुली हसायच्या, तुझ्या बापाचा आवाज चौलपासून ऐकू येतो म्हणून. मी कधी काही म्हटलं नाही. आणि ज्या एका दिवशी माझ्यासाठी भांडायचं होतं, त्या दिवशी गप्प बसलात. का? तर समोर लॅपटॉपवाला माणूस होता म्हणून!"

"मृणाली," मैना म्हणाली.

"नाही आई, बोलू दे. मीपण गप्प बसले. बाईपण गप्प बसल्या. तिघांनाही वाटत होतं दाखवावेत. तिघांपैकी एकही जण बोलला नाही."

ती उठून गेली. अंबाजीने ताटाकडे पाहिलं. त्याच्या आयुष्यात त्याला पुष्कळ शिव्या पडल्या होत्या आणि त्याने त्या व्याजासकट परत केल्या होत्या. ही परत करता येत नव्हती.

त्या शनिवारी विपुलशेठच्या बंगल्यावर मुंबईचे पाहुणे होते. सिलिंडर संपला म्हणून शेठनी फोन केला. अंबाजी सिलिंडर घेऊन गेला. पडवीत माणसं बसली होती, पोरं पाण्याच्या टाकीत उड्या मारत होती, आचारी माशांना मसाला लावून वाट बघत होता. अंबाजीने सिलिंडर पायरीशी उभा केला आणि तिथूनच बोलायला सुरुवात केली. विद्यापीठात गेल्याचं, हेमालीने सांगितलेलं, अगदी शब्दन् शब्द.

शेठ ऐकत होते. चेहरा उतरला होता, पण पाहुणे बघत होते. "अंबाजी, मला खरंच वाईट वाटतं. पण ह्या गोष्टी आतून कशा चालतात ते कुणीच नक्की सांगू शकत नाही. मी आकडे बघून सांगितलं."

"तुमच्या पोरांचे आकडे. माझ्या पोरीचे न्हवते ते."

"बरं, मग आता काय करू मी?"

"एक चिठ्ठी लिवा त्या लोकांना. की हिनं गुन लपवले ते माझ्या सांगन्यावरून. चूक माझी."

"त्याने काही होणार नाही."

"न होऊ दे. तुमी लिवा."

शेठनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अंबाजी, समजून घ्या. मी तुम्हाला हा सल्ला फुकट दिला होता. याच सल्ल्यासाठी लोक माझ्याकडे..."

'फुकट' हा शब्द ऐकला आणि अंबाजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"फुकट!" तो ओरडला. टाकीतली पोरं गप्प झाली. "फुकट म्हनून वाईट दिला व्हय? पैसे घेतले असते तर पोरीचं नाव तरी नीट वाचलं असतंत! कुठल्या गावची, कुठल्या कालेजची, एक प्रश्न विचारला तुमी? एक? आकडा बघितला, मोकले झाले. आन मी गाढव, मान डोलवत बसलो!"

आणि त्याने सिलिंडर उचलला, खांद्यावर घेतला आणि निघून गेला. मागून आचारी "ओ दादा, ओ दादा" करत फाटकापर्यंत धावला.

घरी सिलिंडर बघून मैनाने कपाळावर हात मारला. "हा परत का आनलात? त्याच्या नावावरचा हाय तो!"

"असू दे."

"असू दे काय? चोरीचा आळ येईल. राग करायचा तर नीट करा, दुसऱ्याचा गॅस घेऊन कसला राग करता?"

ती म्हणत होती ते खरं होतं, त्यामुळे त्याला आणखी राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, कुणी उठायच्या आत, त्याने तो सिलिंडर शेठच्या फाटकाच्या आत ठेवला आणि बेल न वाजवता परत आला. त्यानंतर त्याने त्या बंगल्याचं काम घेतलं नाही.

जूनमध्ये मृणालीने अलिबागला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. संख्याशास्त्र. तिथे ती बरी रमली, पण घरात त्या विषयावर कुणी बोलायचं नाही, असा न सांगता नियम झाला होता. बाप-लेकीत बोलणं होतं ते जेवलीस का, आलीस का, एवढंच.

ऑक्टोबरमध्ये एक दिवस सुचिता बाई स्वतः मिनिडोरच्या स्टँडवर आल्या. गाडीत न बसता खिडकीशी उभ्या राहिल्या. "घरत, शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये पालकांची सभा आहे. प्रवेश कसे घ्यायचे यावर. संस्थेच्या लोकांनी विपुल सरांना बोलावलंय. मला विचारलं नव्हतं, नाहीतर मी..." त्या थांबल्या. "तुम्ही या."

"मी येऊन काय करू, बाय?"

"तुम्हाला काय येतं ते मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "मृणालीकडून सगळं कळल्यापासून सहा महिने मला झोप नाही. त्या फोनवर मी 'द्या' असं म्हटलं असतं तर? तेवीस वर्षं पोरांना शिकवते, उत्तर बरोबर असेल तर खोडू नका. आणि मीच खोडलं. तुम्ही या."

शनिवारी हॉलमध्ये शंभरेक पालक होते. वाडीवाले, मच्छीमार, भातवाले, दोन-चार होमस्टेवाले. विपुलशेठ नीट, शांतपणे बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली. आणि मग पडद्यावर तीच ओळ आली. तोच नियम. खालच्या आकड्याहून कमी असेल तर पाठवू नका.

अंबाजी शेवटच्या रांगेतून उठला. त्याने माइक मागितला नाही. त्याला लागत नव्हता.

"शेठ, एक विचारू? गेल्या साली हाच नियम तुमी माझ्या पोरीला सांगितला. तिचे तेराशे दहा होते, ते आमी झाकून ठेवले. तुमी म्हनालात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी सहा म्हयने त्या म्हनीवर विचार करतोय. ज्याच्या मुठीत सव्वा लाख असतील असं लोकांना आधीच वाटतं ना, त्यानं मूठ झाकावी. आमच्यासारख्यानं झाकली तर लोकांना वाटतं, रिकामी हाय."

त्याने सगळं सांगितलं. फाटक, पेणची पोरगी, न लिहिलेलं वाक्य. मध्येच त्याचा आवाज फाटला, एकदा शिवीही तोंडातून गेली आणि बायकांनी पदर तोंडाला लावला, पण तो थांबला नाही. "मला ह्यातलं काय कलत न्हाय. पन त्या दिवशी मला वाटलं होतं दाखवावं, आन मी बोललो न्हाय. तुमाला काय वाटलं तर बोला. समोर कोनी असू दे. आन ज्या कालेजात पाठवायचं त्यांनाच फोन करून विचारा, की आमच्या गावच्या पोराचे एवढे हायेत, पाठवू का. त्यांच्या तोंडून ऐका."

विपुलशेठ व्यासपीठावर उभे होते. त्यांनी पडद्यावरच्या ओळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "विचारून घ्यावं, हे बरोबर आहे." आणि चित्र पुढे सरकवलं. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. पण सुचिता बाई उठल्या, माइक घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तो सल्ला मलाही विचारला होता. मी हो म्हटलं. चूक माझीही आहे."

त्याच हॉलमध्ये सदू बसला होता. सदू म्हणजे स्टँडवरचा अंबाजीचा वैरी. नंबरावरून दोघांचं पंधरा वर्षं वाकडं. सदूचा मुलगा जीवन त्या वर्षी बारावीला होता आणि बाईंनी त्यालाही त्या परीक्षेला बसवलं होतं. त्याचे बाराशे चाळीस आले. सदूने अंबाजीला काही विचारलं नाही, तेवढा तो खाली येणारा नव्हता. पण अंबाजीने बाईंना आणून दिलेला हेमालीचा नंबर त्यांच्याकडून घेऊन त्याने फोन लावला. हेमाली म्हणाली, पाठवा, आणि बरोबर कॉलेजची माहिती पाठवा, किती कॉम्प्युटर, किती चालतात तेसुद्धा. जीवनने 'होय'वर खूण केली.

एप्रिलमध्ये सदू पेढ्यांचा पुडा घेऊन स्टँडवर आला. सगळ्यांना दिले आणि शेवटी अंबाजीपाशी येऊन उभा राहिला. "जीवनला मिलालं. पूर्ण शिष्यवृत्ती." आणि मग, त्याला फार जड जात असावं, असं म्हणाला, "तू त्या दिवशी बोललास म्हनून."

अंबाजीने पेढा घेतला, तोंडात टाकला, "चांगलं झालं," म्हणाला. आणि नंबर सदूचा असताना स्वतःची रिकामी गाडी काढून निघाला. कुणी त्याला अडवलं नाही. नागावपर्यंत तो गाडीत एकटाच शिव्या देत गेला. विद्यापीठाला, शेठला, त्या दोन चौकोनांना, स्वतःला. जीवनवर त्याचा राग नव्हता. पोरगं गुणी होतं. पण बाराशे चाळीस. सत्तर कमी. हा हिशेब त्याला करायचा नव्हता आणि तो होतच होता. वाटेत एका म्हातारीने हात केला, तिला घेतलं, आणि ती "हळू चालव रे मेल्या" म्हणाली तेव्हा कुठे त्याचा पाय सैल झाला.

घरी मृणाली ओटीवर वह्या पसरून बसली होती. त्याने सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "माहीत आहे. त्याचा अर्ज मीच भरून घेतला होता."

"तू?"

"बाईंनी बोलावलं होतं. निबंधपण मीच तपासला, इंग्रजी भयंकर आहे त्याचं." तिने पान उलटलं. मग मान वर न करता म्हणाली, "मला आनंद झालाय पप्पा. आणि मला इतका राग आलाय की ही वही फाडावीशी वाटते. दोन्ही खरं आहे."

अंबाजी तिच्या शेजारी टेकला. बऱ्याच महिन्यांत तो असा तिच्या शेजारी बसला नव्हता. "मलापन," तो म्हणाला.

मैना आतून म्हणाली, "झालं ना आता? कुनाचं तरी भलं झालं. आता तरी सोडा."

"न्हाय सोडत," बाप-लेक एकदमच म्हणाले, आणि मैना कपाळाला हात लावून पुन्हा आत गेली.

मे महिन्यात सुचिता बाईंचा फोन आला. या वर्षी सभा त्या स्वतः घेणार होत्या, बाहेरचं कुणी नाही. चौल, नागाव, पार पालीपर्यंतच्या कॉलेजांना त्यांनी कळवलं होतं. "घरत, तुम्ही बोलायचंय."

"येतो," अंबाजी म्हणाला. "पन आधीच सांगतो बाय, मला गोड बोलता येनार न्हाय."

"गोड बोलायला बोलावतच नाहीये," बाई म्हणाल्या.